कवळीच्या मऊ अस्तराचा दीडशे वर्षांचा तिढा

खालची कवळी बोचते म्हणून तिच्या आतून मऊ अस्तर लावून घेतलं की पहिले काही महिने हुमण-भातच काय, तळलेला बांगडाही निवांत खाता येतो. मग ते अस्तर कडक होतं किंवा कडेने सुटायला लागतं, आणि माणूस फोंड्या-डिचोलीच्या दवाखान्यात ‘हलकं मटेरियल वापरलंत’ म्हणून भांडायला उभा राहतो. भांडण बहुधा चुकीच्या माणसाशी असतं. खोट मूळ पदार्थातच आहे, आणि ती फार जुनी आहे.

अस्तराची गरज मुख्यतः खालच्या जबड्याला. दात गेल्यावर हाड झिजत जातं, आणि खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं, असं दंतसंशोधक टाल्ग्रेन यांनी 25 वर्षं रुग्णांचा पाठपुरावा करून 1972 मध्ये मांडलं. धारेसारख्या उरलेल्या हाडावर पातळ हिरडी, आणि तिच्यावर दगडासारखी कडक कवळी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गंधक मिसळून कडक केलेल्या रबराच्या कवळ्या आल्या. त्याच काळात, 1869 मध्ये, ट्विचेल यांनी मऊ नैसर्गिक रबराचं अस्तर वापरल्याची नोंद सापडते. रबर मऊ होतं खरं, पण लाळ शोषून घ्यायचं आणि घाण व्हायचं. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिक आलं आणि कवळीचं रूप पालटलं, तरी अस्तराचा प्रश्न होता तिथेच राहिला.

1945 च्या सुमारास प्लास्टिसायझर घातलेलं पीव्हीसी वापरून पाहिलं गेलं. दुखण्याचं मूळ इथे स्पष्ट दिसतं. अशा प्लास्टिकमधला मऊपणा त्याचा स्वतःचा नसतो, तो आत मिसळलेल्या तेलकट द्रवाचा असतो. द्रव हळूहळू बाहेर गेला की जुन्या रेनकोटसारखं ते ताठर होऊन तडकतं. अ‍ॅक्रिलिक जातीच्या अस्तराचं गणितही हेच आहे. त्यातलं पॉलिएथिल मेथॅक्रिलेट 65 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि तोंडात असतात 37 अंश, म्हणून डायब्युटिल थॅलेटसारखा प्लास्टिसायझर घालावा लागतो. तो लाळेत झिरपत राहतो आणि तेलात तर आणखी सहज उतरतो. नारळाशिवाय ज्यांचं पान हलत नाही, त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. पुढे थॅलेटबद्दल आरोग्याच्या शंका निघाल्या आणि काही उत्पादकांनी त्याऐवजी सायट्रेट जातीचा प्लास्टिसायझर वापरायला घेतला. झिरपणं मात्र त्यानेही थांबलं नाही.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला टिश्यू कंडिशनर हे तात्पुरत्या मऊ अस्तराचे प्रकार आले. सुजलेली हिरडी शांत करण्यासाठी ते काही दिवस लावायचे असतात. त्यातला अल्कोहोल काही तासांतच उडायला लागतो. तरीही ‘बरं वाटतंय’ म्हणून तेच महिनोन्‌महिने वापरणारे लोक आहेत, आणि मग अस्तर खडबडीत होऊन उलट हिरडीच सोलतं.

प्लास्टिसायझरच्या या दुखण्यावर उत्तर म्हणून त्याआधीच, 1958 च्या सुमारास, सिलिकॉन आलं होतं. ते जात्याच मऊ, प्लास्टिसायझरची गरजच नाही, त्यामुळे वर्षांमागून वर्षं लवचिक राहतं. पण अ‍ॅक्रिलिकला ते आपणहून चिकटत नाही. मध्ये चिकटद्रव्याचा थर लागतो आणि तोच कमकुवत दुवा ठरतो. कड सुटली की फटीत अन्न साचतं, कॅन्डिडा ही बुरशी घर करते. गोव्याच्या दमट हवेचा यात काही दोष नाही, ओलावा तोंडातलाच असतो. लॅबमध्ये उष्णता देऊन पक्कं केलेलं सिलिकॉन दवाखान्यात खुर्चीवरच लावलेल्यापेक्षा साधारणपणे जास्त टिकतं.

जाडीचीही अडचण आहे. गादीचा उपयोग व्हायला अस्तर 2 ते 3 मिलिमीटर हवं, आणि तेवढी जागा करायला कडक कवळी आतून कोरावी लागते. खालची कवळी मुळातच अरुंद, त्यात कोरलेली. मग ती मधोमध मोडते.

आंतरराष्ट्रीय मानकानेही हा फरक मान्य केला आहे: आयएसओ 10139 चा एक भाग अल्पकालीन अस्तरासाठी आहे, दुसरा दीर्घकालीन अस्तरासाठी. 2002 मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम मुळांवर, बसणारी कवळी हा पहिला पर्याय सुचवला. गोव्यात बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय 1980 पासून आहे, पण इम्प्लांटचा खर्च किंवा शस्त्रक्रिया सगळ्यांना झेपत नाही, त्यामुळे अस्तराची मागणी अजून आहेच. ते लावून घेताना अ‍ॅक्रिलिक की सिलिकॉन आणि पुन्हा कधी बदलायचं, हे दोन प्रश्न खुर्चीवर असतानाच विचारावेत. ब्लीचमध्ये किंवा उकळत्या पाण्यात कवळी बुडवू नये, आणि कडक ब्रशने अस्तर घासू नये.