हॉर्न वाजला की तो उठून उभा राहतो

रावेरहून केळी भरून निघालेल्या मावसभावाच्या पिकअपला पारोळ्याच्या पुढे अपघात झाला. पाय जुळला, गाडीही दुरुस्त झाली. पण चार महिने उलटले तरी बाहेर हॉर्न वाजला की तो हातातला घास टाकून उभा राहतो. मावशीने उतारा टाकला, भगताकडे जाऊन आली. तिला कशाला हसायचं? अंगात काही शिरल्यासारखं खरंच दिसतं.

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामासारखा भाग आहे. धोका दिसला की तो ओरडतो. शेजारचा हिप्पोकॅम्पस आठवणीला जागा आणि वेळ जोडतो. जबर धक्क्यात हे जोडकाम अर्धवट राहतं, असं बरेच संशोधक मानतात. मग हॉर्न ऐकला की अपघात आठवत नाही, पुन्हा घडतो. सुरुवातीला असं अनेकांना होतं आणि ओसरतं. महिन्यानंतरही टिकलं, तर पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मनाच्या आजाराची, शंका घ्यायची. अमेरिकी मनोविकार सूचीत हे नाव १९८० साली आलं.

‘डॉक्टरकडे चल’ म्हटलं की तो शेताकडे निघून जातो. घरचे म्हणतात, हट्टी आहे. पण टाळणं हे या आजाराचं ठळक लक्षणच आहे! म्हणून शोधाशोध घरच्यांनीच करायची. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं ‘कसं झालं रे?’ थांबवायचं. थेरपीतही प्रसंग सांगावा लागतो, पण बेताबेताने, सावरायला शिकवून.

मावशीने ओट्यावर बसून १४४१६ लावला. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं, आणि फोन नातेवाइकांनी केला तरी चालतो. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही विचारता येतं. औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात. थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला. ‘आघातावर कोणती थेरपी करता?’ असं सरळ विचारावं. आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळे हलवत आठवण हाताळायची थेरपी) असं उत्तर आलं तर पुढे बोलावं. नुसत्या झोपेच्या गोळ्यांनी हा आजार हटत नाही.

शेवटी तो थेरपीला आला. पहिल्या दिवशी दाराकडे पाठ करून बसायला तो तयार होईना. डॉक्टरीणबाई उठल्या, त्याची खुर्ची भिंतीला लावली आणि विचारलं, ‘आता दिसतंय ना दार?’