तबकडी-परीक्षा (जुने मनगटी घड्याळ)

तबकडी-परीक्षा : जुन्या मनगटी घड्याळाची तबकडी (बोलण्यात डायल) कारखान्यातून आली तशीच आहे, की मागाहून रंगवून-छापून नवी केली आहे, हे ठरवण्याची रीत. तबकडी रंगवलेली म्हणून घड्याळ बनावट ठरत नाही. मशीन, केस आणि काटे अस्सल असूनही तबकडी दुसऱ्यांदा छापलेली असू शकते. सीमाभागात बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या बाजारपेठांत लग्नात मिळालेल्या घड्याळाला डाग पडले की ‘डायल नवं करून द्या’ असे सांगण्यात कोणाला वावगे वाटत नसे. मूळपणाला भाव आला तो संग्राहकांमुळे, आणि तोही बराच उशिरा.

तबकडी बहुधा पितळी पत्र्याची असते. मशीनवर बसण्यासाठी तिला मागे सामान्यतः दोन पाय असतात. अक्षरे छापताना कोरलेल्या पट्टीतील शाई मऊ गादीने उचलून ती पत्र्यावर उमटवतात. दहापट भिंगातून तिरप्या उजेडात पाहिल्यास अशा छपाईतील अक्षर किंचित उठावदार आणि कडेला नेटके दिसते. पुनर्रंगाईत जुने वॉर्निश व अक्षरे काढून पत्रा घासतात. त्यात मूळच्या किरणाकार रेघा बुजतात, बसवलेल्या खुणांच्या बुडाशी वॉर्निश साचते, ‘एस’सारख्या अक्षराचे पोट शाईने भरते. मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत. सहाच्या खालचे ‘स्विस मेड’ कधी गायब, कधी भलत्या वळणाचे असते. काळ्या गिल्ट तबकडीत सोनेरी अक्षर म्हणजे काळ्या थराखालचा उघडा राहिलेला धातू. तेच अक्षर काळ्यावर सोनेरी शाईने छापलेले आढळल्यास शंका घ्यावी.

सर्वाधिक वाद कडेच्या खाचेबद्दल आहे. पुन्हा छापताना नाव, मिनिटांची रेघ, तळाची ओळ हे ठसे वेगवेगळे घ्यावे लागतात आणि ते जुळावेत म्हणून तबकडीच्या कडेला, बहुधा तीनच्या किंवा नऊच्या बाजूला, कानशीने खाच पाडून ती अडणीत धरतात. यावरून खाच दिसली की तबकडी रंगवलेली, असे एक मत रूढ झाले. दुसऱ्या मताप्रमाणे काही कारखान्यांच्या मूळ तबकड्यांनाही खाच असे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण यंत्राने कापलेली सरळ खाच आणि कानशीचे ओरखडे असलेली वेडीवाकडी खाच यांत फरक करता येतो. मात्र खाचेत मुलामा शिरलेला आहे एवढ्यावरून ती कारखान्याची मानू नये. रंगवणाराही खाच पाडल्यानंतर मुलामा देऊ शकतो. खाच हा पूरक पुरावा, निर्णायक नव्हे.

अंधारात चमकणाऱ्या लेपावरून काळाचा अंदाज येतो. १९६०च्या दशकापर्यंत रेडियमचा लेप सर्रास होता. पुढे ट्रिटियम हा दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ आला आणि सहाच्या खाली ‘टी स्विस टी’ अशी खूण दिसू लागली. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे, ट्रिटियमचा सुमारे १२.३ वर्षे. तरीही जुना रेडियम-लेप मंदावतो, कारण किरणोत्सर्ग टिकला तरी त्यातील प्रत्यक्ष चमकणारे जस्त सल्फाइड झिजते. म्हणून १९५०च्या सुमाराच्या घड्याळाचे काटे रात्रभर लखलखत असतील तर लेप नवा आहे. उलट, काटे वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्याने तबकडीवर उमटलेली तपकिरी सावली मूळपणाच्या बाजूने बोलते. हा लेप खरवडून पाहू नये; त्याची धूळ श्वासावाटे आत गेल्यास घातक असते.

सीमाभागात हवामानही साक्ष देते. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस मुसळधार, तर अथणी-गोकाककडे हवा कोरडी. पावसाळी गावात पन्नास वर्षे वापरलेल्या घड्याळाच्या काट्यांवर गंज आहे आणि तबकडी मात्र आरशासारखी, तर विचारपूस करावी.

बंगळूरमध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळनिर्मिती सुरू केली. सीमाभाग पुणे-बंगळूर रस्त्यावर असल्याने एकीकडून एचएमटी, तर दुसरीकडून मुंबईमार्गे फाव्हर-ल्यूबा, वेस्ट एंड, रोमर ही स्विस घड्याळे येत. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय झाल्यावर जुन्या ‘जनता’ व ‘पायलट’ घड्याळांना मागणी वाढली आणि भडक रंगांच्या तबकड्याही त्याच नावांनी विकल्या जाऊ लागल्या. पायलटची ओळखीची तबकडी काळी. नारिंगी किंवा पोपटी पायलट पुढे आल्यास बाकीची परीक्षा करण्याचे सहसा कारण उरत नाही. मुंबईत रंगवलेल्या अशा तबकड्या बसवलेल्या घड्याळांना संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

कंपनीनेच पुढे बदलून दिलेली ‘सर्व्हिस डायल’ यांतल्या कोणत्याच वर्गात नीट बसत नाही. १९५०च्या घड्याळात ट्रिटियमची खूण असलेली अस्सल तबकडी ती याच प्रकारची; तिला रंगवलेली म्हणणे चूक, पण मूळ म्हणून विकणे त्याहून चूक.