मोठी मेणबत्ती लावली की नवस लवकर पावतो?

"जेवढी मोठी मेणबत्ती तेवढी सायबीण लवकर पावते" असं कायम फॉरवर्ड होत असतं. सायबीण म्हणजे येशूची आई मरिया. गोव्यात म्हापशाला मिलाग्र (चमत्कारांच्या) सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, हिंदू लोकंपण श्रद्धेने तेल, मेणबत्त्या नेतात, त्यात वाईट काहीच नाही, पण साइजचा हिशोब ख्रिस्ती शिकवणीत नाहीच. मराठी बायबल उघडून लूक 21:1-4 बघा, श्रीमंत लोक दानपेटीत भरपूर टाकतायत आणि एक गरीब विधवा फक्त दोन छोटी नाणी टाकते, तरी येशू म्हणतो सगळ्यांत जास्त हिनेच दिलं, कारण पोटापुरतं होतं तेही तिने दिलं. आता मत्तय 6:8 वाचा, मागण्याआधीच देवाला आपली गरज माहीत असते, मग त्याला पटवायचं कशाला? लूक 18 मध्ये येशूने सांगितलेल्या गोष्टीतला जकातदार (कर गोळा करणारा) तर वर बघायलाही धजत नाही, नुसती दया मागतो, आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो.