तैपेई ते शांघाय : ६८० किलोमीटर आणि हाँगकाँगचा वळसा

तैपेईहून शांघाय जवळजवळ नाकासमोर उत्तरेला. हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, म्हणजे मुंबई–नागपूर इतकंच, आणि घड्याळ दोन्हीकडे एकच. विमान हवेत असतं दीड तासाच्या आत-बाहेर. वेळापत्रकात मात्र दोनेक तास दिसतात, कारण टर्मिनलपासून धावपट्टीपर्यंतचं सरकणं आणि शांघायच्या आकाशातली रांगही त्यात धरलेली असते.

एवढ्याशा अंतराला २००८ पर्यंत अर्धा दिवस लागायचा. १९४९ नंतर तैवान आणि मुख्यभूमी (म्हणजे चीन) यांच्यातला हवाई मार्ग बंदच होता. १९८७च्या अखेरीस तैवानने नातेवाइकांना भेटायला जायची मुभा दिली. लोक निघाले ते हाँगकाँगमार्गे. तैपेई–हाँगकाँग सुमारे ८०० किलोमीटर, तिथून शांघाय आणखी साडेबाराशे. म्हणजे तिप्पट अंतर, वर विमान बदलायचं. १९९५ला मकावचा विमानतळ सुरू झाल्यावर विमान तेच राहू लागलं, मकावला उतरून फक्त उड्डाणाचा क्रमांक बदलायचा.

खरी गोम ‘थेट’ या शब्दात आहे. २००३च्या चिनी नववर्षाला चार्टर, म्हणजे नियमित वेळापत्रकाबाहेरची खास, विमानं गेली, पण हाँगकाँग किंवा मकावला उतरण्याची अट होती. २००५ला उतरण्याची अट गेली आणि बातम्यांत ‘थेट’ शब्द आला. तरी विमानाला हाँगकाँगच्या एफआयआरमधून जावंच लागे. (हा एफआयआर पोलिसांतला नव्हे, एका नियंत्रण केंद्राच्या ताब्यातलं आकाश.) एका एफआयआरमधून दुसऱ्यात शिरताना विमान ठरलेल्या बिंदूवर, ठरलेल्या उंचीवर पुढच्या नियंत्रकाच्या हाती सोपवतात. तैपेई आणि शांघायच्या एफआयआरची हद्द एकमेकींना लागून आहे, पण दोन्ही केंद्रं एकमेकांशी बोलतच नव्हती, मग हस्तांतर होणार कसं? म्हणून आधी नैऋत्येला जायचं, हाँगकाँगच्या हद्दीत शिरायचं आणि मग उत्तरेला वळायचं. जुलै २००८ला शुक्रवार ते सोमवारची चार्टर सेवा सुरू झाली, तीही याच वळशाने. ही ‘थेट’ सेवा खरं तर फक्त ‘न उतरणारी’ होती. इंधन जळायचं ते जळतच होतं.

१५ डिसेंबर २००८पासून दोन्ही केंद्रं विमानं एकमेकांकडे परस्पर सोपवू लागली आणि तासभर वाचला. ऑगस्ट २००९च्या शेवटी चार्टरची जागा नियमित उड्डाणांनी घेतली. जून २०१०ला तैपेईचा सोंगशान ते शांघायचा होंगचियाओ हा मार्ग सुरू झाला; दोन्ही विमानतळ शहराला खेटून, त्यामुळे जमिनीवरचा वेळही घटला. मात्र तिकीट काढताना विमानतळ नीट बघावा : होंगचियाओ आणि पुडोंग शांघायच्या दोन टोकांना आहेत, आणि २०२४च्या अखेरीस दोन्हींना जोडणारी रेल्वे सुरू होईपर्यंत एकाहून दुसऱ्याला जायला तासाहून जास्त लागायचा. हे उड्डाण देशांतर्गत की आंतरराष्ट्रीय, हा प्रश्न कुणीच सोडवला नाही. मुख्यभूमीच्या विमानतळांवर पाटी असते ‘आंतरराष्ट्रीय, हाँगकाँग, मकाव, तैवान’.

नवा वाद एम५०३ मार्गाचा. तैवान आणि चीनमधल्या सामुद्रधुनीच्या मध्यरेषेला (दोन्ही बाजूंमधल्या अलिखित सीमेला) समांतर जाणारा हा उत्तर–दक्षिण मार्ग एका ठिकाणी रेषेपासून जेमतेम ७.८ किलोमीटरवर येतो. २०१५ला बोलणी होऊन विमानं सहा सागरी मैल पश्चिमेला सरकवून उडवायचं ठरलं. १ फेब्रुवारी २०२४पासून बीजिंगने ती सवलत एकतर्फी काढून घेतली. तैपेई–शांघायची विमानं या मार्गाने लांबवर जात नाहीत, त्यामुळे त्यांची वेळ आहे तीच राहिली.