ॲलेक्सिस कॉर्नर

(१९ एप्रिल १९२८ – १ जानेवारी १९८४). ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) वाजवणारा ब्रिटिश गिटारवादक, गायक आणि बँडलीडर. जन्म पॅरिसचा, वडील ऑस्ट्रियन ज्यू, आईकडून ग्रीक वारसा. लहानपण फ्रान्स, स्वित्झर्लंड, उत्तर आफ्रिका असं फिरण्यात गेलं आणि १९४० मध्ये कुटुंब लंडनला आलं. तिथे बॉम्बहल्ला चालू असताना जिमी यॅन्सीची बूगी-वूगी (ब्लूजमधली ठेकेदार पियानोशैली) रेकॉर्ड ऐकली आणि हेच वाजवायचं असं ठरलं, ही आठवण त्याचीच.

१९४९ मध्ये तो क्रिस बार्बरच्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागला. पुढे सिरिल डेव्हिस भेटला, माउथऑर्गन आणि बारा तारांची गिटार वाजवणारा, पोटासाठी गाड्यांचं डेंटिंग करणारा, आणि दोघांनी मिळून सोहोतल्या वॉर्डोर स्ट्रीटवरच्या राउंडहाउस पबच्या वरच्या मजल्यावर ब्लूज क्लब चालवला. हा कधी सुरू झाला यावर एकमत नाही. काही ठिकाणी १९५५ दिलंय, काही ठिकाणी १९५७. गोंधळ बहुतेक यामुळे की आधी तिथे स्किफलचा (साध्या, घरगुती वाद्यांवरच्या लोकगीतांचा) क्लब होता आणि त्याचाच पुढे ब्लूजचा झाला, त्यामुळे निव्वळ ब्लूजपुरतं बोलायचं तर १९५७ जास्त पटतं. बिग बिल ब्रुन्झी, मेम्फिस स्लिम, मडी वॉटर्स असे अमेरिकेतले मूळ कलाकार या छोट्या जागेत येऊन वाजवून गेले.

कॉर्नरला ‘ब्रिटिश ब्लूजचा जनक’ म्हणायची पद्धत आहे, पण त्यात बार्बरवर अन्याय होतो, कारण १९५८ मध्ये मडी वॉटर्सला इंग्लंडच्या दौऱ्यावर आणलं ते बार्बरने, आणि अकूस्टिक ब्लूजची सवय असलेल्या तिथल्या श्रोत्यांना इलेक्ट्रिक गिटारचा तो आवाज पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकू आला तो त्याच दौऱ्यात. कॉर्नर-डेव्हिस ॲम्प्लिफायरकडे वळले ते त्यानंतर. म्हणून बीज बार्बरचं आणि मशागत कॉर्नरची, असं मानणं जास्त रास्त.

१९६१ मध्ये कॉर्नर आणि डेव्हिसने ‘ब्लूज इन्कॉर्पोरेटेड’ हा बँड काढला आणि १७ मार्च १९६२ ला लंडनच्या ईलिंग भागातल्या एका तळघरात स्वतःचा क्लब उघडला. चार्ली वॉट्स, जॅक ब्रूस, जिंजर बेकर, लाँग जॉन बाल्ड्री हे सगळे कधी ना कधी या बँडमध्ये होते. कोणालाही स्टेजवर बोलावून घ्यायचा कॉर्नरचा मोकळेपणा हा त्याच्या गिटारपेक्षा मोठा गुण. मे महिन्यापासून लंडनच्याच मार्की क्लबमध्ये दर गुरुवारी कार्यक्रम होऊ लागले. १२ जुलैला बँड बीबीसीवर गेला आणि मार्कीत त्यांच्या जागी रोलिंग स्टोन्स पहिल्यांदा लोकांसमोर आले. त्याच वर्षीची ‘आर अँड बी फ्रॉम द मार्की’ ही एलपी नावावरून लाइव्ह वाटते, पण रेकॉर्डिंग डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या वेस्ट हॅम्पस्टेड स्टुडिओतलं आहे, मार्कीतलं नाही, हे ऐकताना लक्षात ठेवावं.

डेव्हिसला शिकागोचा ब्लूज जसाच्या तसा हवा होता, कॉर्नरला सॅक्सोफोन आणि जॅझही चालायचं. वर्ष संपायच्या आत डेव्हिस बाहेर पडला आणि जानेवारी १९६४ मध्ये वारला. कॉर्नर नंतर डॅनिश गायक पीटर थोरुपबरोबर ‘न्यू चर्च’मध्ये आणि मग ‘सीसीएस’ या मोठ्या बँडमध्ये होता, ज्यांचं लेड झेपेलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’ या गाण्याचं १९७० चं वाद्यरूप चांगलं गाजलं. १९७७ पासून काही वर्षं बीबीसी रेडिओ १ वर त्याचा रविवारचा कार्यक्रम असायचा. फुप्फुसाच्या कॅन्सरने तो लंडनमध्ये वारला.