दहा लाख गोळ्या आणि वाटीभर औषध

मराठी घरात धान्य वेगवेगळे करण्यासाठी शब्दांची मुळीच वाण नाही. पीठ चाळले जाते, तांदूळ पाखडले जातात, डाळ सुपात घोळली जाते, खळ्यावरची रास वाऱ्यावर उफणली जाते आणि उरलेसुरले खडे बोटांनी निवडले जातात. दोन कोरडे पदार्थ एकत्र करायचे म्हटले, की मात्र आपण बहुतेक वेळा ‘मिसळणे’ या एकाच शब्दावर भागवतो. वेगवेगळ्या आकारांचे आणि वजनांचे दाणे हलवले, ओतले किंवा वाऱ्यावर सोडले, की ते आपोआप एकमेकांपासून दूर होऊ लागतात. सूप आणि चाळणीची सगळी कला या एका प्रवृत्तीवर उभी आहे. स्वयंपाकघरात कामाला येणारी हीच प्रवृत्ती औषधाच्या कारखान्यात मात्र मोठी अडचण होऊन बसते.

थायरॉइडच्या २५ मायक्रोग्रॅमच्या गोळीचे उदाहरण घेऊ. गोळीचे एकूण वजन १०० मिलिग्रॅम धरले, तर त्यात खरे औषध चार हजारांत एक भाग एवढेच असते. बाकी सारे लॅक्टोज, स्टार्च, सेल्युलोज यांसारखे पूरक पदार्थ. अशी १०० किलोंची एक बॅच म्हणजे दहा लाख गोळ्या, आणि या दहा लाख गोळ्यांसाठी लागणारे औषध अवघे २५ ग्रॅम, म्हणजे एका लहान वाटीत सहज मावेल एवढी पांढरी पावडर. ती वाटीभर पावडर पांढऱ्याच रंगाच्या १०० किलो भुकटीत अशी वाटायची आहे, की रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला आज कमी आणि उद्या जास्त औषध येऊ नये.

चहात साखर टाकून ती ढवळली नाही, तरी उशिरा का होईना गोडी सगळीकडे पसरते, कारण साखरेचे आणि पाण्याचे रेणू उष्णतेमुळे अखंड धडपडत असतात. भुकटीच्या कणाला हे भाग्य नाही. रेणूंच्या मानाने तो इतका अवजड असतो, की उष्णतेची धडपड त्याला जागचे हलवू शकत नाही. ठेवला तिथेच तो वर्षभर पडून राहील. त्याला हलवायचे तर बाहेरून ढकलावे लागते, आणि ढकलण्याची प्रत्येक कृती त्याला शेजाऱ्यात मिसळवील किंवा शेजाऱ्यापासून तोडील, दोन्ही शक्य असते.

आता ‘नीट मिसळले’ म्हणजे नेमके काय, हे ठरवावे लागते. बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या घरांसारखी आखीव मांडणी कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. यंत्र फार तर दाण्यांची जागा पूर्णपणे दैवाधीन करू शकते, आणि दैवाधीन मांडणी एकसारखी कधीच नसते. रेशनवरच्या फोर्टिफाइड तांदळात हे उघड्या डोळ्यांनी मोजता येते. केंद्र सरकारने २०१९-२० मध्ये सुरू केलेल्या पथदर्शी योजनेत महाराष्ट्रातून गडचिरोली जिल्हा निवडला होता. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळायचे, ते दाबयंत्रातून तांदळाच्या आकारात काढायचे, आणि असे घडवलेले दाणे गिरणीत साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात घालायचे, अशी ही पद्धत आहे. जाड्या तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा धरला, तर १०० ग्रॅम तांदळात पाच हजार दाणे आणि त्यांत घडवलेले दाणे सरासरी ५० यायला हवेत. मिश्रण कितीही उत्तम असले तरी प्रत्येक नमुन्यात ५० येणार नाहीत. संभाव्यतेच्या गणिताप्रमाणे तीन नमुन्यांपैकी साधारण दोनच ४३ ते ५७ च्या दरम्यान पडतील. नमुना १० ग्रॅमचा, म्हणजे मोठा चमचाभर घेतला, तर सरासरी पाच दाणे येतील, आणि अंदाजे दीडशे चमच्यांमागे एका चमच्यात एकही दाणा सापडणार नाही. गिरणीवाल्याची त्यात काहीच चूक नसेल.

म्हणून मिश्रण किती एकसारखे, हा प्रश्न ‘किती मोठ्या नमुन्यात?’ हे सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतो. भाताच्या बाबतीत नमुना म्हणजे माणसाचे एक जेवण, आणि एका जेवणात कमी गेलेले लोह आठवड्याभरात भरून निघते. औषधाच्या बाबतीत नमुना म्हणजे एक गोळी. तिथे दाण्यांची संख्या वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे दाणे बारीक करणे. २५ मायक्रोग्रॅम औषधाचे कण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या, व्यासाचे असले, तर एका गोळीत ते चाळीसच्या आसपासच येतात, आणि केवळ दैवामुळे होणारा चढउतार १६ टक्क्यांच्या घरात जातो. तेच कण १० मायक्रॉनपर्यंत दळले, तर त्यांची संख्या हजारपट होऊन चाळीस हजारांच्या आसपास पोचते आणि चढउतार अर्ध्या टक्क्यावर येतो. अल्प मात्रेचे औषध मिसळण्याआधी अतिशय बारीक दळतात, त्याचे एक मोठे कारण हे साधे मोजणीचे गणित आहे.

मात्र बारीक दळण्याचीही किंमत मोजावी लागते. कण जितका लहान, तितके त्याचे वजन कमी आणि शेजाऱ्याला चिकटण्याची ओढ जास्त. दहा मायक्रॉनची पावडर ओघळत नाही. तिच्या गुठळ्या होतात, आणि एक गुठळी अख्खी एका गोळीत गेली तर सगळी मेहनत वाया जाते. त्यामुळे ती वाटीभर पावडर १०० किलोंच्या ढिगात एकदम टाकत नाहीत. आधी तेवढीच पूरक भुकटी घेऊन तिच्यात ती मिसळतात, मग जेवढे मिश्रण झाले तेवढीच आणखी भुकटी घालतात, असे दुपटीदुपटीने वाढवत नेतात आणि अधूनमधून सगळे चाळणीतून काढून गुठळ्या मोडतात. चार हजार पटींचे अंतर असे बाराएक पायऱ्यांत कापता येते.

यानंतर मिश्रण ब्लेंडरमध्ये जाते. आपल्याकडच्या औषध कारखान्यांत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, दोन शंकू जोडून केलेला किंवा अष्टकोनी, असे स्टेनलेस स्टीलचे ब्लेंडर दिसतात. आत बहुधा पाते नसते. भांडेच आडव्या आसाभोवती मिनिटाला दहा-वीस फेऱ्यांच्या संथ गतीने गरगरत राहते. व्ही-ब्लेंडरमध्ये टोक खाली असताना सारा माल एकत्र येतो, उलटले की तो दोन बाहूंत विभागला जातो, पुन्हा एक होतो. पारदर्शक भांड्यात रंगीत दाणे घालून हे पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते, की बहुतेक माल भांड्याबरोबर एखाद्या घट्ट गोळ्यासारखा फिरतो आणि खरी हालचाल फक्त वरच्या पातळ थरात होते, जिथून दाणे दरडीसारखे घसरत असतात. मिसळण्याचे काम प्रामुख्याने तेवढ्याच थरात होते. म्हणून ब्लेंडर साधारण निम्मा किंवा थोडा अधिक भरतात. तो काठोकाठ भरला, तर मधला गाभा त्या घसरत्या थरापर्यंत कधी पोचतच नाही, आणि अर्धा तास फिरवूनही तो आतल्या आत तसाच राहतो.

पी. एम. सी. लेसी यांनी १९५४ मध्ये मिसळण्याच्या तीन रीती सांगितल्या, त्या आजही शिकवल्या जातात. दाण्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे इकडून तिकडे जाणे ही पहिली, थर एकमेकांवरून घसरणे ही दुसरी आणि एकेक दाणा शेजाऱ्यांत भटकत जाणे ही तिसरी. पहिली झपाट्याने होते, तिसरी फार मंद असते. व्ही-ब्लेंडरमध्ये डावीकडून उजवीकडे जाणे मुख्यतः या तिसऱ्या, मंद रीतीने होते. त्यामुळे औषध चुकून एकाच बाहूत ओतले, तर ते दुसऱ्या बाहूत पसरायला फार वेळ लागतो. तेच मधल्या थरात सारखे पसरून ठेवले, तर थोडक्या फेऱ्यांत काम होते. अनुभवी ऑपरेटर माल कसा भरला याची काळजी यंत्र किती वेळ फिरले याइतकीच घेतो.

मसाले, बेसन, धुण्याची पावडर यांच्यासाठी रिबन ब्लेंडर वापरतात. त्यात स्थिर नांदेत मळसूत्रासारख्या पट्ट्या फिरतात, बाहेरची पट्टी माल एका दिशेला ढकलते आणि आतली उलट दिशेला. सिमेंट कारखान्यांची रीत मला सर्वांत देखणी वाटते. चंद्रपूर जिल्ह्यासारख्या चुनखडीच्या पट्ट्यात खाणीतून येणाऱ्या दगडाचा कस रोज बदलतो, आणि हजारो टन दगड फिरवू शकेल असे भांडे कोणी बनवू शकत नाही. मग फिरता पट्टा दगडाचा चुरा लांबच्या लांब ढिगात शेकडो पातळ थरांनी पसरत जातो, आणि नंतर दुसरे यंत्र तो ढीग आडवा कापून उचलते. प्रत्येक कापात अनेक दिवसांचा माल थोडा थोडा येतो, आणि न ढवळताच कस सारखा होतो.

मिसळून झालेला माल तसाच टिकवणे हे खरे अवघड काम आहे. बारीक रवा आणि साबुदाणा हाताने छान एकत्र करावे आणि वाटीतून बारीक धारेने ताटात ओतावे. ढिगाचा मध्य पांढुरका, रवाळ राहतो आणि साबुदाणा घरंगळत पायथ्याशी गोळा होतो. मिश्रण बिघडायला चार सेकंद पुरतात. औषधाचा माल टॅब्लेट प्रेसच्या, म्हणजे गोळ्या दाबणाऱ्या यंत्राच्या, वरच्या नरसाळ्यासारख्या हॉपरमध्ये ओतताना नेमके हेच घडू शकते, आणि हॉपर रिकामा होताना बहुधा मधला माल आधी व कडेचा शेवटी उतरत असल्याने बॅचच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या गोळ्या एकमेकींपासून वेगळ्या निघू शकतात. हे सुपात घोळणे झाले. चाळणेही घडते. दिवाळीच्या चिवड्याचा डबा चार वेळा हलवला, की मीठ, साखर आणि मसाला तळाला जातो, कारण पोह्यांच्या फटींतून बारीक कण झिरपत राहतात आणि मोठे वर उचलले जातात. १९८७ मध्ये चार भौतिकशास्त्रज्ञांनी संगणकावर हीच क्रिया उभी करून दाखवली, तेव्हापासून सुक्या मेव्याच्या डब्यात वर येणाऱ्या मोठ्या ब्राझील बीचे नाव तिला मिळाले. आणि उफणणे? वरच्या मजल्यावरच्या ब्लेंडरमधून खालच्या पिंपात माल सोडला, की पिंपातली हवा जोराने वर येते, अगदी बारीक कणांना उचलून धरते, आणि सगळा माल बसल्यावर ती धूळ सर्वांत शेवटी वरच्या थरावर बसते. अल्प मात्रेच्या गोळीत त्या धुळीतच औषधाचे प्रमाण जास्त असते.

फार फिरवल्यानेही काम बिघडते. जपानमध्ये य. ओयामा यांनी १९३९ मध्ये नोंदवले, की दोन आकारांचे दाणे आडव्या पिंपात फिरवत राहिले तर काही वेळाने त्यांचे आसाच्या दिशेने वेगवेगळे पट्टे पडतात. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून शेवटी घालायचे मॅग्नेशियम स्टिअरेट हे याहून नेहमीचे उदाहरण आहे. ते एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते आणि दोन-पाच मिनिटेच फिरवतात. जास्त फिरवले तर त्याचा मेणचट थर प्रत्येक कणावर बसतो, गोळी ठिसूळ होते आणि पोटात उशिरा विरघळते.

मिसळलेला माल पुन्हा वेगळा होण्यावर सर्वांत रुळलेला उपाय आपल्या घरातच सापडतो. चिवड्यातले दाणे तळाला जातात, चिक्कीतले जात नाहीत. मिश्रणात स्टार्चची खळ किंवा तत्सम चिकट द्रव घालून ओला गोळा करायचा, तो वाळवायचा आणि चाळून रव्यासारखा दाणा पाडायचा. म्हणजे प्रत्येक दाण्यात औषध आणि पूरक पदार्थ एकमेकांना बांधले जातात, आणि मग तो दाणा कितीही घरंगळला तरी हरकत नसते. दम्याच्या कोरड्या पावडरीत दुसरी युक्ती असते. काही मायक्रॉनचे औषधाचे कण लॅक्टोजच्या मोठ्या कणांना चिकटवून ठेवतात, म्हणजे गुठळ्या करणारी तीच ओढ इथे सोबती म्हणून वापरली जाते. जिथे माल ओतण्याची वेळच टाळता येते, तिथे ज्या बिनमध्ये, म्हणजे मोठ्या बंद डब्यात, तो भरला तीच बिन फिरवून थेट प्रेसवर जोडतात.

सारे ठीक झाले की नाही, हे पाहण्यासाठी ब्लेंडरच्या ठरावीक जागांवरून नमुने काढतात. बाजार समितीत पोत्यात खुपसून धान्य काढायची जी टोकदार नळी असते, तिच्याच जातीचे हे साधन आहे, आणि त्याला उद्योगात सॅम्पलिंग थीफ म्हणतात. नळी आत जाताना स्वतःच थर ओढत नेते, त्यामुळे तिच्या साक्षीवर पूर्ण विसंबता येत नाही. नमुना किती मोठा घ्यावा यावर तर १९९३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात निवाडा झाला, आणि नमुना गोळीच्या मात्रेच्या तिपटीएवढाच असावा, असे न्यायाधीशांनी ठरवले. मोठा नमुना घेतला तर आतला चढउतार त्यात बुडून जातो. शेवटची कसोटी तयार गोळीचीच असते. भारतीय औषधकोशात १० मिलिग्रॅमपेक्षा कमी औषध असलेल्या गोळ्यांसाठी दहा गोळ्या एकेक करून तपासायला सांगितले आहे, आणि प्रत्येकीतले औषध सामान्यतः सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांच्या आत असावे लागते.

गिरणीतल्या तांदळाला खळ लावून बांधता येत नाही. तिथे घडवलेला दाणा आकाराने, वजनाने आणि घनतेने खऱ्या तांदळासारखाच करतात, म्हणजे पट्ट्यावर, पोत्यात आणि ट्रकमध्ये तो घोळला वा चाळला जाण्याला कारणच उरत नाही. तरीही हे मिश्रण घरी आल्यावर एका जागी फुटते. घडवलेला दाणा रंगाने थोडा वेगळा दिसला, की प्लास्टिकचा तांदूळ आल्याची शंका येते आणि ताटात पसरलेल्या तांदळातून तो दाणा खड्यासारखा निवडून टाकला जातो. सूप, चाळणी आणि वारा या तिघांना चुकवून आलेले लोह तिथे दोन बोटांच्या चिमटीत अडकते. म्हणून घडवलेल्या दाण्याचा रंगही खऱ्या तांदळाशी जुळवावा लागतो, आणि रेशनच्या दुकानात पोते उघडताना तो दाणा कसला आहे हे सांगावे लागते.