करवत नेमकी कुठे टेकवायची?

फांदी कापल्यावर चार-सहा वर्षांत कापाच्या कडेने नवी साल आत सरकत येते आणि एक दिवस जखम दिसेनाशी होते. आपण म्हणतो, भरली. खरे तर ती फक्त झाकलेली असते. आपल्याला खरचटले की मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाला ही सोय नाही. त्याचे नवे लाकूड सालीच्या आतल्या कॅम्बियम नावाच्या पातळ थरातूनच तयार होते आणि जुन्याच्या बाहेरून चढत जाते. एकदा तयार झालेल्या लाकडाला पुन्हा हात लावता येत नाही. म्हणून लहानपणी खोडात ठोकलेला खिळा म्हातारपणीही त्याच उंचीवर असतो, फक्त आत गडप झालेला.

मग कुजणे थांबते कसे? अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी याचे उत्तर शोधण्यासाठी हजारो झाडे चेनसॉने उभी चिरून पाहिली. 1977 साली त्यांनी मांडलेली कल्पना अशी की झाड जखमेला कोंडून टाकते. वर-खाली जाणाऱ्या नलिका बुजवणे हा पहिला अडसर, आणि तोच सर्वांत कच्चा. त्यामुळे कूज खोडात उभी लांबच लांब पसरलेली दिसते. आतल्या दिशेला वाढवलये आडवी येतात, बाजूंना लाकडातले किरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या. चौथी भिंत जखमेनंतर नव्याने उभी राहते, जखम झाली त्या दिवसाचे लाकूड आणि पुढे येणारे लाकूड यांच्या मधोमध. ही सर्वांत पक्की. बुरशीने आतले सगळे पोखरले तरी या भिंतीबाहेरचे लाकूड बहुधा शाबूत राहते, आणि अशीच ढोली तयार होते.

आर्बोरिस्टचे, म्हणजे झाडांची निगा राखणे आणि वेळ आली तर ती उतरवणे हाच ज्याचा पेशा त्याचे, रोजचे काम या चार भिंतींभोवती फिरते. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो. त्याला कॉलर म्हणतात. फांदीतली कूज खोडात शिरू नये म्हणून झाडाची बचावाची तयारी इथेच असते. पूर्वी फांदी खोडाला अगदी लागून, सपाट कापणे हे सफाईचे लक्षण मानत. दिसायला ते खरोखर नीटस दिसते. पण त्यात कॉलरच कापली जाते आणि जखम थेट खोडाला होते. उलट, लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि झाकायला वर्षानुवर्षे लागतात. योग्य काप कॉलरच्या जरासा बाहेर. सगळा फरक दोन-चार बोटांचा!

जड फांदी एका दमात कापली तर पडता पडता खोडाची साल सोलत जाते. म्हणून तीन काप: आधी खोडापासून थोड्या अंतरावर खालून अर्धवट, मग त्याच्याही जरा पुढे वरून आरपार, आणि वजन गेल्यावर उरलेला खुंट कॉलरपाशी. वर डांबर किंवा रंग फासण्याची गरज नाही. काही विशिष्ट रोगांचा अपवाद सोडला तर त्याने कूज थांबत नाही, आणि लेपाखाली ओल राहिली तर बुरशीचेच फावते. सर्वांत वाईट म्हणजे शेंडा सरसकट उडवणे. त्यानंतर धुमारे भराभर फुटतात आणि झाड पुन्हा हिरवेगार झाल्यासारखे वाटते, पण ते धुमारे बाहेरच्या थरालाच चिकटलेले असतात. जाड झाले की वाऱ्यात तेच आधी निखळतात.

मला स्वतःला पोकळ खोडाचे गणित फार आवडते. गोल दांड्याची वाकण्याला तोंड देण्याची ताकद त्रिज्येबरोबर फार झपाट्याने वाढते, त्यामुळे भार मुख्यतः बाहेरचे लाकूड पेलते. खोडाचा अर्धा व्यास पोकळ झाला तरी ताकद साधारण 6 टक्केच कमी होते. 70 टक्के पोकळ झाला तर 24. त्यापुढे मात्र घसरण वेगाने होते. जर्मन संशोधक क्लाउस मॅटेक यांचा आडाखा यालाच धरून आहे: सभोवतालची निरोगी भिंत त्रिज्येच्या सुमारे तीन दशांश असेल, तर केवळ पोकळ आहे म्हणून झाड मोडण्याची भीती कमी. ढोलीचे तोंड उघडे असेल किंवा मुळेच कुजली असतील तर हे गणित लागू पडत नाही. भिंत किती उरली हे कळायला आधी लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकतात, मग लागलेच तर बारीक सुईसारखे ड्रिल आत घालून लाकडाचा प्रतिकार मोजतात.

झाड पाडायचेच ठरले तरी त्याच लाकडावर विसंबावे लागते. पडायच्या बाजूला खाच, मागून काप, आणि दोहोंच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या भागाएवढी न कापलेली पट्टी. ही पट्टी बिजागरीसारखी वाकत झाडाला ठरल्या दिशेने खाली नेते. ती चुकून पूर्ण कापली गेली, तर झाड कुठे जाईल हे कोणाच्याच हातात राहत नाही. ओले तंतू वाकतात. वाळलेले किंवा कुजलेले कट्कन तुटतात. म्हणून मेलेले झाड जिवंत झाडापेक्षा धोक्याचे.

जागा नसेल तिथे वरून तुकड्या-तुकड्याने उतरवतात. 40 सेंटिमीटर जाडीचा, मीटरभर लांबीचा ओला ओंडका शंभर किलोच्या वर भरतो, आणि सुटून दोराला हिसका देताना बसणारा ताण त्या वजनाच्या कित्येक पट असतो. म्हणून खालचा माणूस दोर घट्ट धरून ठेवत नाही, घर्षणावर हळूहळू सोडत ओंडक्याला थांबवतो. वरचा माणूस ज्या खोडाला बांधलेला असतो, तेच खोड तो हिसका सोसत असते.

आणि खाली पडून इजा होईल असे काही आसपास नसेल, तर जाणते लोक बुंध्याचा तीन-चार मीटरचा भाग उभाच सोडतात. भिंती सांभाळायला आता झाड जिवंत नसते. बुरशी निवांतपणे पुढे सरकते, लाकूड मऊ पडते, आणि सुतारपक्ष्याला त्यात भोक पाडणे सोपे जाते.